मोटरहोम-कॅरव्हॅनला टायर प्रेशर मॉनिटर लावायचा का? नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

टायर प्रेशर मॉनिटर म्हणजे प्रत्येक चाकाला लावलेल्या सेन्सरने टायरमधली हवा मोजून चालवणाऱ्याला स्क्रीनवर दाखवणारं आणि ती फार कमी-जास्त झाली की वाजणारं यंत्र. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईतल्या लोकांना पुढचं वाचत बसायला नको. कॅरव्हॅन (कारच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) ओढत असाल तर घ्या. मोटरहोमला (स्वतःचं इंजिन असलेल्या घरगाडीला) मागे जोडचाकं, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन-दोन, असतील तरी घ्या. साध्या चार चाकांच्या मोटरहोमला घेतलात तर चांगलंच आहे, पण त्याआधी दोन-तीन कामं अशी आहेत की ज्यांना पैसे कमी लागतात आणि उपयोग जास्त होतो, ती न करता डायरेक्ट मॉनिटर लावणं म्हणजे थोडं उलटं काम आहे. आणि आठवडाभर भाड्याने गाडी घेऊन स्कॉटलंड फिरून येणार असाल तर याच्या नादी लागूच नका, एक बरा प्रेशर गेज घ्या आणि रोज सकाळी निघायच्या आधी चारही टायर तपासा, झालं.

मी लिहितेय ते इंग्लंडमधल्या गाड्यांबद्दल, कारण आमची गाडी इथे आहे आणि इथले टायर, इथले नियम, इथले टायरवाले मला माहीत आहेत. लॉकडाऊननंतर ओळखीतल्या बऱ्याच मराठी लोकांनी सेकंडहँड मोटरहोम किंवा कॅरव्हॅन घेतल्या, उन्हाळ्यात कॉर्नवॉल नाहीतर लेक डिस्ट्रिक्ट, जरा धीर आला की स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याचा नॉर्थ कोस्ट ५०० हा लांब रस्ता. भारतातून कार चालवायची सवय घेऊन आलेल्या माणसाला साडेतीन टनाचं घर चालवताना गॅस, टॉयलेट, पाणी, बॅटरी एवढं सगळं नवीन शिकायचं असतं की टायर हा विषय यादीत शेवटी जातो. कारमध्ये ३२-३३ पीएसआय हवा भरणारे आपण, मोटरहोमच्या दारावर ८० पीएसआय वाचलं की पहिल्यांदा छापायची चूक वाटते.

आधी कळायला पाहिजे ते: मागे काय चाललंय ते तुम्हाला जाणवत नाही

कारचं टायर बसायला लागलं की स्टीअरिंग एका बाजूला ओढतं, आवाज बदलतो, गाडी जड वाटते. कॅरव्हॅनचं तसं नाही. टायर तुमच्या सीटपासून सात-आठ मीटर मागे आहे, मध्ये हिच (कार आणि कॅरव्हॅन जोडणारा सांधा) आहे, वर रेडिओ चालू, मुलं मागे भांडतायत. टायर हळूहळू बसतं, तुम्ही ताशी ६० मैलाने जात राहता (कॅरव्हॅन ओढताना मोटरवेवर तेवढीच परवानगी आहे), आणि पहिल्यांदा कळतं ते आरशात धूर किंवा रबराचे तुकडे दिसल्यावर, नाहीतर शेजारून जाणारा हातवारे करायला लागल्यावर. तोपर्यंत सुटलेली रबराची पट्टी गरागरा फिरून व्हील आर्च (चाकावरची कमान) फोडते, वर कपाट किंवा पलंग असेल तर तोही जातो, खालून गेलेल्या वायरी ओरबाडल्या जातात. टायर शंभर पौंडाचं आणि दुरुस्ती हजारांत.

दोन एक्सलच्या कॅरव्हॅनला चार चाकं म्हणून ती जास्त सेफ असं बऱ्याच जणांना वाटतं. ती रस्त्यावर जास्त स्थिर चालते हे खरं, पण एक टायर पूर्ण बसलं तरी शेजारचं टायर गपचूप त्याचा भार उचलतं, कॅरव्हॅन फारशी कलतही नाही, त्यामुळे तुम्हाला काहीच कळत नाही आणि ते शेजारचं बिचारं आपल्या कपॅसिटीच्या कितीतरी वर भार घेऊन तापत राहतं. मागे जोडचाकं असलेल्या मोठ्या मोटरहोमचं दुखणं तेच, आतलं टायर बसलंय की नाही हे बाहेरून नुसतं बघून सांगता येत नाही.

हवा कमी झाली की टायर का फुटतं, तर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकल्याने तापते, तापल्याने आतले धागे आणि रबर एकमेकांपासून सुटायला लागतात. म्हणजे आपण ज्याला ‘अचानक टायर फुटलं’ म्हणतो ते बऱ्याचदा तासभर आधीच सुरू झालेलं असतं, एखाद्या खिळ्यापासून किंवा गळक्या व्हॉल्व्हपासून. मॉनिटरचा खरा उपयोग या तासाभरात आहे. खड्ड्यात आपटून टायर फाटलं किंवा जुनं टायर भार सहन न होऊन उघडलं तर मॉनिटर वाजेल खरा, पण तेव्हा तुम्हालाही आवाज आलेलाच असेल.

पायरी १: टायरचं वय आणि व्हॉल्व्ह, मॉनिटरच्या आधी

टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. हे आकडे कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असतात आणि नेमके आतल्या बाजूला, मग खाली वाकून मोबाइलने फोटो काढायचा. कॅरव्हॅनचं टायर वर्षातले दहा महिने एकाच जागी उभं राहून म्हातारं होतं, खाचा नव्यासारख्या दिसतात आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. इथे कॅरव्हॅनवाल्यांचा नियम असा की पाच वर्षं झाली की बदलायचा विचार सुरू करायचा आणि सात वर्षांच्या पुढे वापरायचं नाही. कायद्यात कॅरव्हॅन-मोटरहोमच्या टायरला वयाची मर्यादा नाहीये. २०२१ च्या फेब्रुवारीपासून दहा वर्षांपेक्षा जुन्या टायरवर बंदी आली ती बस, ट्रकच्या पुढच्या चाकांना आणि मिनीबसला. पण कायद्यात नाही म्हणून नऊ वर्षांच्या टायरवर दीडशे पौंडाचा मॉनिटर लावू नका, ते पैसे टायरमध्ये घाला.

आता व्हॉल्व्ह, आणि इथे जरा थांबते कारण ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत. बाहेरून लावायचा सेन्सर हा व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसतो. वजन दहा-बारा ग्रॅम, हातात घेतलं तर काहीच नाही. पण ताशी ६० मैलाला चाक इतकं जोरात फिरतं की तेच दहा ग्रॅम साधारण एक किलो वजनासारखे बाहेर ओढले जातात, गाडी चालू आहे तोपर्यंत सतत. व्हॉल्व्ह रबरी असेल तर तो वाकतो, थांबलात की सरळ होतो, परत वाकतो, आणि काही महिन्यांनी बुडाशी बारीक चीर पडते. म्हणजे हवा जाऊ नये म्हणून लावलेल्या वस्तूनेच हवा जायची सोय झाली.

म्हणून टायरवाल्याकडे जाऊन धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या, चाकाच्या रिमला नटने घट्ट आवळले जातात तसले. नाहीतरी कारला लागतात ते साधे रबरी व्हॉल्व्ह सुमारे ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात, ८० पीएसआयच्या व्हॅनला एकतर हाय प्रेशरवाले रबरी लागतात नाहीतर धातूचे. सेकंडहँड गाडीवर आधीच्या मालकाने घाईत कुठून काय बसवून घेतलंय सांगता येत नाही. नवीन टायर घालतानाच व्हॉल्व्ह बदलले तर मजुरी वेगळी पडत नाही. व्हॉल्व्हला लांबवणाऱ्या नळ्या असतील, त्यातही वेणीसारख्या लवचिक, तर त्यांच्या टोकाला सेन्सर अजिबात लावू नका.

पायरी २: तुमच्या गाडीचा आकडा कोणता

मॉनिटरला तुम्ही जो आकडा सांगाल तोच तो बरोबर धरून चालतो. तो आकडा चुकीचा असेल तर पुढचं सगळं वाया.

मोटरहोमवाल्यांनी ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर बघा आणि टायरवरची अक्षरं बघा. इथली बरीच मोटरहोम फियाट ड्युकाटोवर बांधलेली असतात आणि टायर असतं २२५/७५ आर १६ सीपी. यातलं सीपी म्हणजे कॅम्पिंगसाठीचं टायर, जास्त भार सोसायला बनवलेलं, आणि अशा टायरला मागच्या एक्सलवर ५.५ बार म्हणजे ८० पीएसआय सांगितलेलं असतं. एक बार म्हणजे १४.५ पीएसआय, एवढं लक्षात ठेवा कारण युरोपातल्या गाडीवर बार आणि इथल्या मशिनवर पीएसआय अशी गंमत असते.

८० ला गाडी दगडासारखी चालते, कपाटातल्या बशा वाजतात, म्हणून लोक अंदाजाने ६५ वर आणतात. अंदाजाने करू नका. वजनकाट्यावर जा. इथे सार्वजनिक वजनकाटे आहेत, काउन्सिलच्या साइटवर यादी मिळते, थोडे पौंड घेतात. पाणी भरलेलं, गॅस, सायकली, माणसं, सगळं नेहमीसारखं भरून न्यायचं आणि पुढचं एक्सल वेगळं, मागचं एक्सल वेगळं असं वजन घ्यायचं. मग टायर कंपनीला ते आकडे पाठवले की तुमच्या वजनाला किती हवा ते त्या कळवतात. बऱ्याच जणांना याच काट्यावर पहिल्यांदा कळतं की एकूण वजन ३५०० किलोच्या आत आहे पण मागचं एक्सल ओव्हरलोड आहे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यात मागच्या बंपरवर सायकलींचा रॅक, त्यात आपला तांदूळ, पीठ, प्रेशर कुकर आणि कुणीतरी घेतलेला मिक्सर.

कॅरव्हॅनचा आकडा दाराजवळच्या प्लेटवर किंवा पुस्तिकेत असतो, साधारण ५० ते ६५ च्या आसपास. कॅरव्हॅनच्या टायरला भाराच्या मर्यादेपर्यंत फारशी जागा उरलेली नसते त्यामुळे इथे प्रयोग नकोत, लिहिलंय तेवढी हवा.

पायरी ३: कोणता घ्यायचा

‘आमच्या कारमध्ये टीपीएमएस (कंपनीनेच बसवलेला टायर प्रेशर मॉनिटर) आहेच की’ असं म्हणणारे भेटतात. आहे, युरोपात नोव्हेंबर २०१४ पासूनच्या सगळ्या नवीन कारला तो सक्तीचा आहे. पण तो कारच्या चार चाकांपुरता, मागच्या कॅरव्हॅनचं त्याला काही माहीत नाही. आणि मोटरहोमचं मूळ वाहन असतं मालवाहू व्हॅन, तिला ही सक्ती कित्येक वर्षं नव्हती, त्यामुळे बऱ्यापैकी नवीन दिसणाऱ्या मोटरहोममध्येही तो नसतो. दुसरं असं की काही कारमध्ये खरा प्रेशर सेन्सर नसतोच, एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरतंय का एवढंच बघतात. चारही टायरची हवा सारखी उतरली तर अशी सिस्टिम सहज फसते.

बाजारात मिळणारे मॉनिटर दोन प्रकारचे. बाहेरचे, टोपणासारखे, स्वतः बसवता येतात, सेल बदलता येतो, चोरीला जाऊ शकतात, हवा भरताना दरवेळी काढावे लागतात. आतले, टायरच्या आत रिमला बसतात, त्यासाठी टायर काढावं लागतं, सेल संपला की अख्खा सेन्सर बदलायचा पण तो पाच-सात वर्षं तरी चालतो, व्हॉल्व्हवर बाहेरून वजन नाही आणि आतल्या हवेचं तापमान खरं कळतं. नवीन टायर घालायचीच असतील तर आतले घ्या. टायर अजून चांगली असतील तर बाहेरचे.

विकत घेताना मी हे बघीन. एक, सेन्सर किती पीएसआयपर्यंत मोजतो आणि अलार्म किती वर नेता येतो, कारण कारसाठीचे स्वस्त सेट ५०-६० च्या पुढे जातच नाहीत आणि ८० वर सतत कोकलतात. दोन, फ्रीक्वेन्सी, युरोप-ब्रिटनमध्ये ४३३ मेगाहर्ट्झ चालतात, अमेरिकेतून कुणी आणून देत असेल तर ३१५ वाला नाही ना ते तपासा. तीन, लांब गाडी किंवा कॅरव्हॅन असेल तर सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर सोबत येतो का. चार, प्रत्येक एक्सलला वेगळा आकडा ठेवता येतो का. हा चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कार ३३ आणि कॅरव्हॅन ६० असेल तर एकाच सेटिंगवर दोन्ही कसे चालणार.

फक्त ब्लूटूथवर मोबाइलला जोडणारे स्वस्त पडतात. माझं मत विचाराल तर मोटरहोमला ठीक, कॅरव्हॅनला नको. फोनवर मॅप चालू, मध्येच कुणाचा फोन, ॲप मागे झोपी गेलेलं, आणि सिग्नल कॅरव्हॅनच्या चाकापासून कारच्या डॅशबोर्डपर्यंत पोचायला पाहिजे. वेगळी छोटी स्क्रीन असलेला घ्या. चार सेन्सरचा बरा सेट पन्नास ते दोनशे पौंडाच्या मध्ये कुठेतरी मिळतो.

पायरी ४: बसवणं

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चाकांवर ऊन यायच्या आधी. घरून टायरवाल्यापर्यंत गाडी चालवत नेऊन तिथे भरलेली हवा ही गरम टायरची हवा झाली, ती धरायची नाही.

आधी हवा बरोबर भरून घ्या, स्वतःच्या गेजने. कॉम्प्रेसर घेताना ८० पीएसआय आरामात गाठणारा घ्या, डब्यावर १५० लिहिलेले कितीतरी छोटे कॉम्प्रेसर साठलाच धापा टाकतात आणि गरम होऊन बंद पडतात. मग घरात बसून, गाडीजवळ जायच्या आधी, एकेक सेन्सर स्क्रीनशी जोडून त्यावर मार्करने लिहा, पुढे डावा, पुढे उजवा वगैरे. बऱ्याच सेटमध्ये हे छापलेलं येतं. चिखलात बसून कुठला कुठे लावला ते आठवत बसण्यापेक्षा हे सोपं.

आता चाकाजवळ. व्हॉल्व्हचं जुनं टोपण काढा आणि खिशात नाही, ग्लोव्ह बॉक्समध्ये डबीत ठेवा, पुढे लागणार आहेत. सोबत छोटा लॉक नट आला असेल तर तो आधी व्हॉल्व्हवर खाली फिरवून घ्या. सेन्सर फिरवायला लागलात की एका क्षणी फुस्स होतं, तिथे घाबरून थांबायचं नाही, चटकन आणखी फिरवायचा, आवाज बंद होतो. हाताने घट्ट, पकड लावायची नाही, आतला रबरी वॉशर चेपतो. मग लॉक नट पान्ह्याने वर आणून सेन्सरला टेकवा, याने तो सैल होत नाही आणि येताजाता कुणी सहज काढून नेत नाही. चोरी थांबतेच असं नाही.

यानंतरचं काम कुणी करत नाही आणि ते दोन मिनिटांचं आहे. भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब पाण्यात, जुना ब्रश, आणि सेन्सर जिथे व्हॉल्व्हला बसतो तिथे लावायचं, व्हॉल्व्ह जिथे रिममध्ये जातो तिथेही. बघत राहा. मोठे बुडबुडे लगेच दिसतात, पण अर्धा मिनिट थांबलात तर कधीकधी टाचणीच्या डोक्याएवढा एकच बुडबुडा हळूच फुगताना दिसतो, फुटतो, परत तिथेच येतो. आमच्या मागच्या उजव्या चाकाला असं होतं, स्क्रीनवर ते चाक रोज बाकीच्यांपेक्षा थोडं खाली दिसायचं आणि आम्ही खिळा शोधत होतो. खिळा नव्हताच, सेन्सर थोडा तिरका फिरला होता. काढून सरळ बसवला, बुडबुडा गेला.

अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी आट्यांचा सेन्सर वर्षभर तसाच ठेवला तर, त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तो असा चिकटतो की काढताना व्हॉल्व्हच तुटतो. आट्यांना अँटी-सीझचा (आटे चिकटू नयेत म्हणून लावायच्या ग्रीससारख्या मलमाचा) अगदी बारीक हात द्या आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून परत बसवा.

पायरी ५: अलार्म किती वर, किती खाली

खालचा अलार्म आपल्या थंड आकड्याच्या १० ते १५ टक्के खाली, वरचा २० ते २५ टक्के वर. ८० पीएसआय असेल तर खाली ६८ ते ७२ आणि वर ९६ ते १००. ६० ची कॅरव्हॅन असेल तर खाली ५१ ते ५४, वर ७२ ते ७५.

वरचा एवढा लांब का, तर चालताना हवा तापते. सकाळी १५ डिग्रीला ८० भरलेलं टायर मोटरवेवर आतून ४५ डिग्रीला गेलं की हिशोबाने जवळजवळ ९० दाखवतं. हे अगदी नॉर्मल आहे. नवीन माणूस १० टक्क्यांवर म्हणजे ८८ वर अलार्म ठेवतो, बर्मिंगहॅमपर्यंत वाजायला लागतं, घाबरून सर्व्हिसेसला (मोटरवेवरच्या थांब्याला) थांबून हवा सोडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर सत्तरच्या आसपास. गरम टायरमधून हवा सोडायची नाही, हे एवढं एक वाक्य तरी डॅशबोर्डला चिकटवा.

उलटंही होतं. ऑगस्टमध्ये २५ डिग्रीला दुपारी ८० भरलं आणि ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या डोंगरात ५ डिग्रीला सकाळी उठलात तर स्क्रीनवर ७४ दिसेल, गळती काही नाही, नुसती थंडी. तिथे मात्र थोडी हवा भरायची.

तापमानाचा अलार्म ७० डिग्रीच्या आसपास असतो, तसाच राहू द्या.

पायरी ६: आकडे वाचायची सवय

स्क्रीन दिसेल अशी पण काचेसमोर नाही अशी लावा. पहिले दोन-तीन दिवस नजर सारखी तिकडे जाते, नंतर जात नाही, तेच बरं. मी बघते ते आकडा किती यापेक्षा एकाच एक्सलवरची दोन चाकं एकमेकांपासून किती लांब आहेत ते. दोन्ही ८० वरून ८८ वर गेली तर काही नाही. एक ८८ आणि दुसरं ८० वरच राहिलं तर ते दुसरं हवा सोडतंय, अलार्म वाजला नसला तरी. आणि एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त चढत असेल, ९३, ९४, तर ब्रेक चिकटलाय का, बेअरिंग तापलंय का ते थांबून बघा, हात रिमच्या जवळ न्या पण लावू नका. हँडब्रेक नीट न सोडता निघालेल्या कॅरव्हॅनचं हे लक्षण असतं.

बाहेरच्या सेन्सरच्या तापमानावर मात्र फार विसंबू नका. तो टायरच्या बाहेर वाऱ्यात असतो, उन्हाच्या बाजूचा जास्त दाखवतो. सकाळी उत्तरेकडे जाताना उजवी बाजू गरम दिसली तर आधी सूर्य कुठे आहे ते बघा.

सेन्सरच्या आकड्यात आणि गेजच्या आकड्यात एक-दोन पीएसआयचा फरक राहणारच, त्यावरून भांडायचं नाही. गाडी उभी असताना बरेच सेन्सर झोपतात, त्यामुळे सकाळी स्क्रीन चालू केल्यावर दिसणारा आकडा रात्रीचा शिळा असू शकतो, थोडं चालवल्यावर खरा येतो. म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना एक फेरी चाकांभोवती मारायची ती मारायचीच. मॉनिटर फुगलेली साइडवॉल दाखवत नाही, सैल झालेला नट दाखवत नाही.

पायरी ७: वाजला तर

जोरात ब्रेक मारायचा नाही, कॅरव्हॅन असेल तर अजिबात नाही. ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ, इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे. स्क्रीनवर आकडा बघा, हे काम शेजारी बसलेल्याला द्या. दहा मिनिटांत दोन-तीनने उतरत असेल तर पुढच्या एक्झिटपर्यंत किंवा सर्व्हिसेसपर्यंत कमी वेगाने जाता येतं. डोळ्यासमोर घसरत असेल तर जिथे सुरक्षित थांबता येईल तिथे लगेच.

मोटरवेच्या कडेला थांबावं लागलं तर सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून बॅरिअरच्या पलीकडे जायचं, ड्रायव्हरनेही सरकून डावीकडून. युरोपातून आणलेल्या मोटरहोमचं घराचं दार उजवीकडे असतं, म्हणजे इथे ते थेट ट्रॅफिकमध्ये उघडतं, मुलांना ते दार त्या वेळी बंद हे आधीच सांगून ठेवा. तिथे स्वतः चाक बदलायला बसायचं नाही, मोटरवेवर त्रिकोण लावायलाही मागे चालत जायचं नाही, हायवे कोड (इथली रस्त्याच्या नियमांची सरकारी पुस्तिका) तसं स्पष्ट सांगतो. ब्रेकडाऊनवाल्याला फोन करा. आणि ती पॉलिसी घेताना गाडीची लांबी, उंची आणि वजन त्यांच्या मर्यादेत बसतंय ना ते विचारलेलं असू द्या, साधं कारचं कव्हर साडेसात मीटरच्या मोटरहोमला चालत नाही. स्टेपनीही बघून ठेवा, बऱ्याच मोटरहोममध्ये स्टेपनी नसतेच, नुसता फेसाचा डबा आणि कॉम्प्रेसर असतो, आणि साइडवॉल फाटली तर त्या फेसाचा काही उपयोग नाही. आत सेन्सर असेल तर फेस त्याचंही भोक बुजवू शकतो.

भारतात कॅम्पर चालवणाऱ्यांसाठी थोडं

पुण्या-मुंबईकडे आता भाड्याने कॅम्पर मिळतात, काही जण स्वतः व्हॅन बांधून घेतात, त्यांना वरचं जवळजवळ सगळं लागू आहे, फक्त थंडीच्या जागी ऊन घाला. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सिमेंटचा, सरळ, तासन् तास एकाच वेगात, आणि विदर्भातलं मे महिन्याचं ऊन. तिथे कमी हवा भरून निघणं सगळ्यात वाईट. ‘गरमीत हवा कमी ठेवा, फुटणार नाही’ हा सल्ला पेट्रोल पंपावर हमखास मिळतो, तो ऐकू नका, कमी हवेनेच टायर जास्त तापतं. पहाटे थंड टायरला कंपनीने सांगितलेली हवा भरा आणि दुपारी आकडा चढलेला दिसला तरी हात लावू नका. आणखी एक, २०२० च्या नियमानुसार साडेतीन टनापर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. कायद्याने चालते हो, पण सामानाने भरलेला कॅम्पर घेऊन शेगावच्या पुढे रात्री अडकलात तर स्टेपनीच आठवेल.

हिवाळ्यात गाडी ठेवून देताना

बाहेरचे सेन्सर काढून ठेवा, जुनी टोपणं परत लावा (डबीत ठेवली होती ना). यांचे सेल छोटे नाण्यासारखे, बऱ्याच सेटमध्ये सीआर १६३२, थंडीत पटकन मान टाकतात, म्हणून वसंतात नवीन घाला आणि एक पाकीट गाडीत ठेवा. सेल बदलताना आतली रबरी रिंग नीट बसली नाही तर पहिल्याच पावसात पाणी शिरतं. कॅरव्हॅन उभी ठेवताना टायरमध्ये हवा पूर्ण भरलेली असू द्या, चाकांवर ऊन पडणार नाही असं कव्हर घाला, आणि मधूनमधून चाक पाव फेरी फिरवून ठेवा. मार्चमध्ये पहिल्या ट्रिपच्या आधी परत पायरी चार, साबणाच्या पाण्यासकट.